कुत्रं धरा!

पहिलं नवक, पहिला दिवस

पोहोचलो एकदाचे! अडुसष्ट वर्षांची बाई खोगिरावर बसून तीन मुक्काम आली आणि उतरताना कुणाचा हात लागला नाही, हे पहिल्या ओळीत लिही असं मी सूनबाईला सांगितलं. उतरल्यावर गुडघे वळेनात, तेव्हा चोइझिलने मला ओंडक्यासारखं उचलून आत नेऊन ठेवलं, ते लिहायची काही गरज नव्हती. तिने लिहिलंच.

वही यांजमाची, म्हणजे सूनबाईची. शाळेत बक्षीस मिळालेली, लग्नात बरोबर आणलेली आणि अजून कोरी. मला अक्षर येत नाही. मेंढीच्या कानावरची खूण वाचता आली की माझ्या वेळी पोरगी शिकली म्हणायचे. चोइझिल म्हणाला, "आई, अख्खा हिवाळा तुझी बडबड ऐकायला इथे माझे दोनच कान. तिला सांगत जा, ती लिहून काढेल. तुझंही पोट हलकं, माझेही कान हलके." पोटचा पोरगा बोलतो हे असं. यांजमाने तारीख काय घालू विचारलं. म्हटलं, तारीख तुझ्या शाळेत. हिवाळा नऊ-नऊ दिवसांनी मोजायचा, नऊ वेळा. मग घोडी विते आणि माणूस माणसात येतं. तेवढंच घाल.

जागा बघून हसू आलं, इतकी चांगली. पाठीशी डोंगर, वारा डोक्यावरून जातो. बर्फ भुसभुशीत, घोड्याने खूर मारला की खाली पिवळं गवत. आमच्याकडे बर्फावर काचेसारखा थर धरला होता, घोड्या गवतासाठी तोंडं रक्ताळून घेत होत्या. म्हणून तर मेंढ्या थोरल्याकडे सोडून आम्ही तिघं सहकारी गटाचा कळप घेऊन इतक्या लांब आलो. हा कळप वसंतापर्यंत उभा ठेवायचा, एवढंच काम. इथे दगडी आडोसा तयार आहे, आत कोरड्या लिदीचा हातभर थर. कुणाची तरी जुनी हिवाळी जागा. गटाचा मुकादम म्हणाला, आता कुणाचीच नाही. तरी बर्फाखाली चाचपून जुन्या घराचा गोल शोधला, तो सोडला आणि पलीकडे आमची गेर, लोकरी नमद्यांचं गोल घर, उभी केली. दुसऱ्याच्या चुलीवर चूल मांडत नाहीत, एवढं अक्षराविना कळतं.

यांजमाला सातवा चालू आहे. तिला उंटावर गाठोड्यांच्या मधे बसवून आणली. दाई मीच. ती घाबरलेली नाही. मी थोडी आहे, पण ते लिहू नकोस म्हटलं.

पहिलं नवक, सहावा दिवस

बसायचे घोडे चार. कुमाईत, अबलख, तांबडा आणि माझा म्हातारा सबजा. नावं ठेवत नाहीत आम्ही घोड्यांना, रंगानेच हाक. नाव फक्त कुत्र्याला. आमच्या काळ्या, पिवळ्या भुवयांच्या धटिंगणाचं नाव हाल्तर.

चोइझिल उजाडताना कळपाकडे जातो. ऊन वर आलं की मी सबज्यावर एक फेरी मारते. खोगिरात बसले की माझे गुडघे वीस वर्षांचे होतात. लगाम सैल सोडायचा, सबजा आपला आपण खोल बर्फ टाळून चालतो. त्याच्या टापांखाली बर्फ असा चुरचुरतो, जसं कुणी वाळवलेल्या दह्याची वडी शेजारी बसून चावतंय. घोड्या डोंगराच्या कुशीत पांगलेल्या असतात, पाठीवर दव गोठलेलं, तोंडातून वाफा. वळू घोडा मला बघून मान उंचावतो. मी त्याला सांगते, मला बघून ऐट करू नकोस बाबा, आपलं दोघांचंही वय झालं.

खरं काम परत आल्यावर. घामेजलेलं घोडं तसंच सोडलं तर ते बर्फ खातं आणि मरतं. आधी लाकडी पट्टीने घाम ओरपायचा. पाठीवर लोकरीचा जाड नमदा टाकायचा. डोकं खाली जाणार नाही अशा उंच दोरीला बांधायचं आणि घाम पुरता सुकेपर्यंत उपाशी उभं ठेवायचं. दया दाखवून चारा टाकला तर घोडं गेलंच म्हणून समजायचं. मग खुरांतले बर्फाचे गोळे काढायचे, नाकपुड्यांतला बर्फ बोटांनी मोकळा करायचा. सबजा त्या वेळी माझ्या बाहीत तोंड खुपसतो. चोइझिल म्हणतो, "बघा, दोन म्हातारे शेकोटी करतायत." म्हटलं, तुझ्या बापाने कधी माझ्या बाहीत तोंड खुपसलं नाही, याला तरी खुपसू दे. यांजमा इतकी हसली की पेन्सिल मोडली.

दुसरं नवक, तिसरा दिवस

आज पाहुणा आला. म्हणजे आला की नाही, यावर घरात वाद आहे.

दुपारी बर्फाचं धुकं उतरलं होतं, हातभर पलीकडचं दिसत नव्हतं. चोइझिल कळपाकडे. मी चहात मीठ टाकत होते आणि बाहेरून हाक आली, "कुत्रं धरा!" पुरुषाचा आवाज, थोडा बसलेला, लांबून आल्यासारखा. माळावर परक्या दाराशी येणारा दुसरं बोलतो काय? आणि ऐकणारा दुसरं करतो काय? मी चमचा टाकून बाहेर गेले, हाल्तरच्या मानेला धरलं, गुडघ्याखाली दाबलं आणि ओरडले, "धरलंय, या!"

कुणी आलं नाही. मी पुन्हा ओरडले. मग लक्षात आलं की हाल्तर भुंकलाच नव्हता. गुडघ्याखाली तो थरथरत होता, कुत्रीच्या पोटाशी पिल्लू थरथरतं तसा. हा कुत्रा लांडग्याच्या अंगावर जातो.

आत आले तर यांजमाने पाहुण्याच्या बाजूला वाटी मांडून चहा ओतला होता. तिने हाक ऐकली होती. वर म्हणाली, "आई, तुम्ही दार धरून उभ्या होतात, तेव्हा ते आत आले ना?" मी विचारलं, कोण ते? तर तिलाही सांगता येईना. रिकाम्या जागेकडे बघून दोघी हसलो. चहा तसाच राहिला. चूल हातभर अंतरावर, तरी वाटीत वर बर्फाची साय धरली.

संध्याकाळी चोइझिल म्हणाला, आई, तुला आता वाराही पाहुणा वाटतो, लग्न लावून देऊ का वाऱ्याशी? म्हटलं, दे, तो तरी घरी कमी घोरेल.

दुसरं नवक, पाचवा दिवस

सकाळी कुमाईत घामाने भिजून गोठलेला सापडला. अंगभर पांढरा, बरगड्या लोहाराच्या भात्यासारख्या. पाठीवर खोगिराची ओली खूण. आमची खोगिरं आत होती, कोरडी. चोइझिल माझ्याकडे संशयाने बघून म्हणाला, "आई, खरं सांग, कुठे गेली होतीस?" मी पण थट्टा केली, म्हटलं, नवऱ्याकडे. मग दोरीकडे नजर गेली आणि थट्टा तिथेच राहिली. कारण कुमाईत दोरीला बांधलेला होता, नीट, डोकं वर राहील असा, पाठीवर नमदा टाकून. ज्याने पळवला त्याला घोडं कसं ठेवायचं ते ठाऊक होतं. फक्त गाठ आमची नव्हती. आम्ही उजवीकडून ओढून घेतो. ही डावीकडून घेतलेली.

दुसरं नवक, आठवा दिवस

आज खराखुरा पाहुणा. टेकडीपलीकडे मेंढ्या राखणारा गोंबो, माझ्याच वयाचा. बिचारा बाहेर "कुत्रं धरा" म्हणून बोंबलत होता आणि आम्ही दोघी आत एकमेकींचे हात धरून बसलेल्या. शेवटी त्याने शिव्या घातल्या तेव्हा खात्री पटली. आत येऊन म्हणाला, "काय गं म्हातारे, दात गेले ते गेले, रीतही गेली का?" म्हटलं, दात शाबूत आहेत, चावून दाखवू?

त्याने रीतीप्रमाणे पुढे केलेली तपकिरीची डबी परत देता देता मी त्या हाकेचं सांगितलं. गोंबोने डबी उघडली नाही. परत छातीशी ठेवून दिली. मग विचारलं, तू कुत्रं धरलंस का? धरलं म्हटलं.

त्याने सांगितलं ते असं. या जागेवर एक माणूस बायकोसह राहायचा. मेलेल्याचं नाव घेत नाहीत, त्यानेही घेतलं नाही. एका हिवाळ्यात वादळाने त्याचा कळप वाऱ्याच्या तोंडी लोटत नेला. तो मागे गेला. कळप नेला तर माणूस मागे जातोच, वादळ थांबेपर्यंत थांबत नाही. दमलेलं घोडं सोडायचं, वाटेतल्या घरी ताजं मागायचं, पुढे जायचं. आणि अशा माणसाला घोडं कुणी नाकारत नाही. तो सापडला नाही. घोड्याही नाहीत. बायकोने दार उघडं ठेवून वाट पाहिली. वसंतात लोक आले तेव्हा घर होतं आणि आत बर्फ होता. तेव्हापासून तो हाक मारतो. गोंबोच्या घराशीही मारतो. तिथे कुणी कुत्रं धरत नाही.

मी विचारलं, धरलं तर? तो म्हणाला, "धरलंस म्हणजे घरात घेतलंस. आता तो तुझा पाहुणा आणि तुझे घोडे त्याचे. घोडे संपले की—" तिथे यांजमाच्या पोटाकडे बघून थांबला. जाताना मला बाहेर बोलावून म्हणाला, घर हलव. मी खिंडीकडे बोट दाखवलं. खिंड बंद आहे. गाभण घोड्या छातीएवढ्या बर्फातून निघाल्या तर निम्म्याही पोहोचणार नाहीत, आणि यांजमाही नाही.

चोइझिलला सांगितलं. तो सैन्यात राहून आलाय, तो हसला. पण दोरीपाशी गेला आणि सगळ्या गाठी स्वतः तपासल्या.

तिसरं नवक, दुसरा दिवस

अबलख मेला. दोरीला बांधलेला, उभ्या उभ्या. डोळे उघडे, पापण्यांवर बर्फ. आज मला घोड्यांबद्दल थट्टा सुचत नाही.

तिसरं नवक, चौथा दिवस

चोइझिल म्हणाला, मी बघतोच कोण तो, आणि काल संध्याकाळी तांबड्यावर बसून कळपाकडे गेला. उजाडल्यावर आला. मी शिव्या तयार ठेवल्या होत्या. पण स्वारी खूश. म्हणाला, आई, भला माणूस आहे गं. कोण? तर म्हणे, वाटेत भेटला, पलीकडच्या घळीत गवत कुठे आहे ते त्याने दाखवलं, इतकं उंच गवत की घोड्या पोटापर्यंत बुडाल्या. मी विचारलं, दिसायला कसा आहे? चोइझिलने विचार केला आणि म्हणाला, "पुढेच होता सारखा. पाठ दिसली."

ऊन पडल्यावर मी सबज्यावर बसून ती घळ पाहून आले. गवताचं पातं नाही. नुसता दगड. पण घोड्या तिथेच उभ्या होत्या, सगळ्या, माना खाली घालून दगड चाटत.

मी वळू घोड्याला दटावून कळप परत कुशीत आणला. दिवस मोडला त्यात.  सूनबाई म्हणते, आज अक्षर वाकडं आलंय. मला काय कळणार.

तिसरं नवक, आठवा दिवस

तांबडा गेला. कुमाईत उठत नाही, त्याच्यापुढे गवत धरलं तर तो माझ्यामागे बघतो.

चोइझिल रोज जातो. मी अडवलं तर म्हणतो, माणसाचा कळप हरवलाय आई, आपण मदत करायची नाही? वर विचारतो, कुणी शिकवलं मला हे? मीच शिकवलं. 

आज त्याने सबज्याला बांधलं. मी बाजूला उभी होते. गाठ डावीकडून ओढली.

यांजमाला हे सांगितलं नव्हतं. आत्ता लिहिताना कळलं तिला. रडू नकोस, पोरी. कागद भिजेल.

चौथं नवक, पहिला दिवस

हाल्तर चोइझिलवर गुरगुरला. पिल्लू असल्यापासून त्याच्या ताटातलं खाल्लेलं कुत्रं. केस उभे करून, दार अडवून. चोइझिल तिथेच उभा राहिला आणि म्हणाला— काय म्हणाला ते मला लिहायचं नाही. मी हाल्तरला धरलं नाही. चोइझिल बाजूने वाकून आत आला.

चौथं नवक, दुसरा दिवस

हाल्तर दाराशी मेलेला. अंगावर ओरखडाही नाही.

चोइझिलनेच त्याला उचलून टेकडीवर नेलं. शेपूट कापून डोक्याखाली ठेवलं, तोंडात चरबीचा तुकडा दिला, म्हणजे पुढच्या जन्मी माणूस होईल. मी मागे गेले होते. माझा पोरगा कुत्र्याशेजारी बसून ओक्साबोक्शी रडला. मग माझ्या झग्यात तोंड लपवून म्हणाला, आई, मला जाऊ देऊ नकोस. तेव्हा तो माझाच होता. अगदी माझा होता.

मी त्याला घरी आणलं. चहा दिला. त्याने फुंकर घालून प्यायला. आज घरात तिघं झोपलो आहोत, आणि दार मी कातडी वादीने बांधलंय.

चौथं नवक, चौथा दिवस

वादळ. सकाळीच कळप वाऱ्याच्या तोंडी निघाला. मी पाहिला— एक लांब काळी रेघ, पांढऱ्यात विरत जाणारी. ओरडून उपयोग नाही, वारा तोंडातला आवाज काढून नेतो.

चोइझिलने सबज्यावर खोगीर घातलं. मी रिकीब धरून लोंबकळले. म्हटलं, जाऊ दे गटाचा कळप. मुकादमापुढे मी उभी राहीन, माझं कातडं काढू दे त्याला. यांजमाकडे बघ. तो म्हणाला, कळप नेल्यावर घरी बसलेला माणूस तू पाहिलायस का, आई? नाही पाहिला. कधीच नाही.

त्याने माझी बोटं एकेक करून रिकिबीवरून काढली. हळू. दुखू नये अशी.

चौथं नवक, पाचवा दिवस

वादळ तसंच. यांजमाच्या पोटात दुखतंय. अजून वेळ आहे, मी तिला सांगते. दुखणं ओळखते मी.

चोइझिल नाही.

चौथं नवक, सहावा दिवस

सबजा आलाय.

आला म्हणजे— दोरीला बांधलेला आहे. खोगिरासकट. पांढरा. घाम ओरपलेला. पाठीवर नमदा.

गाठ डावीकडची.

खोगिरावर कुणी नाही. आसपास पावलं नाहीत, बर्फ सगळी पुसतो. मी नाकपुड्यांतला बर्फ काढला. त्याने बाहीत तोंड खुपसलं नाही. माझ्या हाताला हुंगून मागे सरला.

चौथं नवक, सातवा दिवस

दुपार. बाहेर सगळं पांढरं, छतातून उजेड येतो तोही पांढरा.

हाक आली.

"कुत्रं धरा!"

यांजमा उठली. मी खाली बसवलं. वही दिली. लिही म्हटलं. काय लिहू? मी बोलते ते. तू लिहीत राहिलीस तर बसून राहशील.

चोइझिलचा आवाज आहे. ती म्हणते. मला काय सांगतेस, मी जन्म दिलाय त्याला. त्याचाच आहे.

लिही— घरच्या माणसाला कुत्रं धरा म्हणावं लागत नाही. कुत्र्याला घरचा माणूस कळतो. आणि हाल्तर नाही आता. त्याने स्वतः टेकडीवर नेलं. स्वतः शेपूट— त्याला माहीत आहे कुत्रं नाही. माझ्या चोइझिलला माहीत आहे.

यांजमा म्हणते, थंडीने डोकं फिरलं असेल. गारठलेला माणूस काहीही बोलतो, आई. तो दाराशी मरेल.

हे खरं आहे. हेही खरं आहे. लिही.

पुन्हा. आता जवळ. "आई, कुत्रं धर गं."

दाराची वादी मी कमरेला बांधली आहे. पाठ दाराला लावून बसले आहे. फळीतून थंडी येत नाही. उलट उबदार लागतंय, पलीकडून कुणी टेकून उभं राहावं तसं—

आता तो तिला हाक मारतोय. तिचं माहेरचं नाव. ते चोइझिलला आणि मलाच ठाऊक—

खाली बघ. पोरी. कागदाकडे बघ. सुरी खाली ठेव. वादी कापून तुला काय— लिही. तुझं नाव लिही. माझं लिही. पोटातलं जे येणार आहे त्याच्यासाठी लिही, काहीही, रेघा ओढ, पण उठू न